एक गाडी, एक पान : वीज नियामक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : औष्णिक वीज केंद्रांना येणाऱ्या प्रत्येक कोळसागाडीचा हिशोब जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, आता निवृत्त आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. मी त्याआधीच घरी बसलो होतो, त्यामुळे गार्डच राहिलो, आणि ते बरंच झालं. नोकरीत ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यातून, ज्या मालाच्या मागे मी सर्वांत जास्त फिरलो तो कोळसा. उमरेड, वणी, घुग्गुस, माजरीकडून भरून आलेल्या गाड्या पश्चिमेला न्यायच्या आणि रिकामे डबे परत पाठवायचे, हा आमच्या विभागाचा रोजचा संसार. हे पत्र ऊर्जामंत्र्यांना किंवा रेल्वे बोर्डाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे, त्याला कारण आहे.

उन्हाळा तोंडावर आला की तेच नाटक नव्यानं लागतं. केंद्रांमधला कोळसा संपत आल्याच्या बातम्या येतात. वीज कंपनी म्हणते, रेल्वे रेक (डब्यांची अख्खी गाडी) देत नाही. रेल्वे म्हणते, रेक आहेत, पण केंद्रं त्या वेळेत रिकाम्या करून देत नाहीत. कोळसा कंपनी म्हणते, आमच्या खाणीवर ढीग लागलेत, न्यायला कोणी येत नाही. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचा कागद असतो आणि गंमत अशी की प्रत्येकाचा कागद आपापल्यापुरता खरा असतो. तीन तिघाडा, काम बिघाडा. शेवटी बिलावर 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ उमटते आणि ती आम्ही भरतो. त्या ओळीमागचा खर्च तपासण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. रेल्वे आणि कोळसा कंपनी आपल्या अखत्यारीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती आहे, आणि त्या दोघांची बिलं तिच्याच फायलीला जोडून आपल्यापुढे येतात.

माझी मागणी एका वाक्यात मावते. महानिर्मितीच्या केंद्रात आलेल्या प्रत्येक कोळसागाडीमागे एक पान जाहीर व्हावं, आणि ज्या गाडीचं पान नाही तिचा खर्च ग्राहकाच्या बिलात जाऊ नये.

आता हे एवढं का हवं, ते गार्डच्या भाषेत सांगतो.

कोळशाची एक गाडी म्हणजे साधारण ५८-५९ वॅगन आणि चार हजार टनांच्या आसपास माल. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला तर दिवसाला तीन ते पावणेचार हजार टन कोळसा खातो. म्हणजे एका संचाला रोज जवळजवळ एक गाडी. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या ५०० मेगावॉटच्या संचाला दिवसाला दोन गाड्या लागतात आणि नव्या ६६० मेगावॉटच्या संचाला त्याहून जास्त. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रं खाणींच्या शेजारी आहेत; तिथं पट्टे आहेत, पाइप कन्व्हेअर आहे, अडलं तर ट्रकही आहेत. एकलहरे, दीपनगर, पारस आणि परळी यांचं मात्र सगळं रुळांवर अवलंबून. नागपूरहून नाशिकरोड साडेसहाशे किलोमीटर. कोरब्याचा कोळसा असेल तर तोच प्रवास अकराशेच्या वर जातो.

समजा एका संचाला रोज एक गाडी हवी आहे आणि गाडीचा फेरा चार दिवसांचा आहे : भरणे, येणे, रिकामी होणे, परत जाणे. मग त्या संचासाठी चार रेक कायम फिरत्या ठेवाव्या लागतात आणि महिन्याला ३० गाड्या येतात. आता प्रत्येक फेऱ्यात फक्त एक दिवस वाया गेला. खाणीवर आठ तास, वाटेत आठ तास, केंद्राच्या दारात आठ तास, असं थोडं थोडं. फेरा पाच दिवसांचा झाला. रेक तेवढ्याच, इंजिनं तेवढीच, खाणीत कोळसा तेवढाच; पण महिन्याला गाड्या येतात २४. सहा गाड्या गेल्या, म्हणजे २४ हजार टन. त्या संचाचा जवळपास आठवडाभराचा कोळसा. हा कोळसा कोणी चोरला नाही, संप झाला नाही, खाण बुडाली नाही, मालगाडी घसरली नाही. तो नुसता उभ्या गाड्यांच्या तासांत विरला. टंचाईच्या बातमीत हे तास कधी येत नाहीत, कारण ते कुणा एकाचे नाहीत.

तास कुठे जातात ते आम्हाला विचारा.

खाणीच्या साइडिंगवर (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळावर) पेलोडरनं, म्हणजे फावड्याच्या यंत्रानं, भरणी होत असेल तर गाडी कितीतरी तास उभी राहते. सायलोखाली, म्हणजे कोळशाच्या उंच कोठाराखाली, तीच गाडी तासाभरात भरून निघते. कोळसा कंपन्या आता सायलो बांधत आहेत, चांगली गोष्ट आहे. पेलोडरच्या भरणीत आणखी एक दोष असतो. त्याच्या फावड्याला कोळसा आणि दगड यातला फरक कळत नाही. पुढे केंद्रात क्रशर अडतो तो याच दगडांनी.

वाटेतलं सांगतो. भरलेली मालगाडी निघाली की तिला 'पाथ', म्हणजे पुढची मोकळी वाट, लागतो. मेल-एक्सप्रेस आली की मालगाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, टाकतात. इथवर ठीक. पण मालगाडीच्या क्रूच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे, आणि असायलाच हवी. रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या हातात चार हजार टन देऊ नयेत. तास भरले, पुढचा क्रू मिळाला नाही, की गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात स्टेबल होते, म्हणजे तिथंच उभी करून ठेवतात. मग बऱ्याचदा इंजिन काढून दुसऱ्या गाडीला देतात. एकदा इंजिन काढलं की ती गाडी पुन्हा हलवायला आधी इंजिन शोधा, मग क्रू बोलवा, मग ब्रेक तपासा, मग पाथची वाट बघा. दोन तासांच्या अडचणीचे चौदा तास सहज होतात.

आणि आता खरी गोम. डेमरेजचं, म्हणजे गाडी वेळेत रिकामी न केल्याच्या दंडाचं, घड्याळ गाडी साइडिंगवर लागली, म्हणजे प्लेसमेंट झाली, की सुरू होतं. केंद्राचा टिपलर (डबे उलटे करून रिकामे करणारं यंत्र) बंद आहे, आधीच्या दोन गाड्या अजून भरलेल्याच उभ्या आहेत, नवी घ्यायला जागा नाही, तर ही गाडी अलीकडच्या कुठल्यातरी लूपमध्ये उभी राहते. तिथं उभी असेपर्यंत ती कुणाच्याच वहीत उशिरा नसते. केंद्र म्हणणार, आमच्याकडे आलीच नाही. रेल्वे म्हणणार, आम्ही वेळेत जवळ आणून ठेवली होती. डेमरेजच्या आकड्यावरून केंद्राची कामगिरी मोजायची म्हटलं, तर दारातली रांग त्यात दिसतच नाही. ब्रेक व्हॅनमधून मात्र ती रांग स्वच्छ दिसायची, पुढच्या सिग्नलपर्यंत.

केंद्राच्या आत काय होतं तेही सांगायला हवं, कारण तिथल्या लोकांना उगाच दोष लागतो. कोळशाचे डबे मुख्यतः दोन जातींचे. एक बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी पेटी. तिला टिपलरमध्ये घालून, पकडून, आख्खी उलटी करतात. कोळसा खालच्या हॉपरमध्ये पडतो. दुसरी बीओबीआर, जिचे दरवाजे तळाला असतात आणि हवेच्या दाबानं उघडतात. ती रुळाखालच्या लांब हॉपरवरून चालत चालतच रिकामी होते. कोरड्या कोळशात एक चांगला टिपलर तासाला दहा-बारा डबे उलटतो. पावसाळ्यात हे सगळं गणित मोडतं. आमच्या विदर्भातल्या उघड्या खाणींवर काळी माती आहे. कोळसा आणि माती भिजून एक लगदा होतो आणि तो डब्याच्या तळाला, कोपऱ्यांना चिकटून बसतो. जाळीवर साचतो, पट्ट्यावरून घसरतो, च्यूटमध्ये अडकतो. मग पहारी घेऊन माणसं उतरतात. कंत्राटी मजूर असतात, अंगावर रेनकोट असतोच असं नाही. एका साइडिंगवर (नाव घेत नाही) मी रात्रभर त्या पहारींचा आवाज ऐकला आहे. पहाटे गाडी 'रिकामी' म्हणून आमच्या ताब्यात आली तेव्हा डब्यांच्या तळाशी वीतभर ओला कोळसा तसाच होता. तो परत खाणीकडे निघाला. त्याचं येतानाचं भाडं भरलेलं होतं, जातानाचा प्रवास फुकट. पुढच्या भरणीत तो डबा तेवढाच कमी भरणार, आणि डबा कमी भरला तरी रेल्वे भाडं त्याच्या ठरलेल्या क्षमतेवर लावते. या एका वीतभर कोळशाचा हिशोब आपल्यापुढे येणाऱ्या कुठल्या तक्त्यात दिसतो, सांगा.

१५ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेनं 'सुपर वासुकी' चालवली. पाच मालगाड्या जोडून एक, २९५ डबे, लांबी साडेतीन किलोमीटर, २७ हजार टन कोळसा, कोरबा ते राजनांदगाव. रेल्वेवाला म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण मनात आलंच : वऱ्हाड पाच गाड्या भरून आणलं आणि मांडवात पंगत एकच बसते. नेण्याची ताकद वाढली तरी उतरवण्याची वाढली नाही, तर रांग फक्त खाणीजवळून केंद्राजवळ सरकते.

आता वजन. केंद्रीय आयोगाच्या नियमांत खाणीपासून दूरच्या केंद्रांसाठी वाटेतली घट ०.८ टक्क्यापर्यंत मान्य आहे, खाणीच्या तोंडाशी असलेल्यांना ०.२ टक्के. चार हजार टनांच्या गाडीला ०.८ टक्के म्हणजे ३२ टन, अर्धा डबा. घट म्हटली की लोकांना लगेच रुळाकडेला पोती घेऊन उभी असलेली पोरं आठवतात. पोत्यात ३० किलो धरलं तर ३२ टनांना हजाराच्या वर पोती लागतील, एकेका गाडीमागे. चोरी होते, मी डोळ्यांनी पाहिली आहे, पण अर्धा डबा त्या पोरांच्या डोक्यावरून जात नाही. ओल उडते, वाऱ्यानं भुकटी उडते, आणि भरतानाचा काटा व उतरवतानाचा काटा यांचं एकमेकांशी पटत नाही. चालत्या गाडीचं वजन घेणारा काटा वेळच्या वेळी तपासलेला नसेल तर फरक पडणारच. दोन्ही काट्यांची वजनं एकाच कागदावर शेजारीशेजारी आली, तर कुठल्या खाणीच्या साइडिंगवरून कायम एकाच बाजूला फरक येतो, ते सहा महिन्यांत शाळेतला मुलगाही सांगेल.

वजनापेक्षा मोठी गोष्ट प्रतीची. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते, जी-१ ते जी-१७. प्रत्येक पायरी ३०० किलोकॅलरीची. बिल खाणीवर जाहीर झालेल्या प्रतीचं, आणि बॉयलरला मिळतं ते जे खरोखर येतं. यावर तिऱ्हाईत संस्थेकडून नमुने तपासण्याची पद्धत आली, पण दोन ठिकाणच्या नमुन्यांचे वाद संपलेले नाहीत. मला यातलं रसायन कळत नाही. मला गाड्या मोजता येतात. जुन्या संचाला एक युनिट वीज करायला २,६०० किलोकॅलरी लागतात असं धरा. कोळसा किलोला ४,००० चा आला तर युनिटमागे ६५० ग्रॅम पुरतो. तोच ३,५०० चा आला तर ७४० ग्रॅमच्या वर लागतो. म्हणजे जे काम सात गाड्यांत झालं असतं त्याला आठ गाड्या लागतात. प्रत घसरली की भुर्दंड फक्त कोळशाच्या किमतीत बसत नाही. आठवी गाडी रुळावर येते, तिला इंजिन लागतं, क्रू लागतो, पाथ लागतो, टिपलरवर पाच-सहा तास लागतात, आणि ती मागच्या चांगल्या कोळशाच्या गाडीला अडवून उभी राहते.

राखेचंही तेच. ४० टक्के राख असलेल्या कोळशाची गाडी आली, तर ५९ डब्यांतले जवळपास २३ डबे आपण राखेचे आणले. ते डबे नाशिकपर्यंत ओढायचे, उतरवायचे, जाळायचे आणि मग ती राख बंधाऱ्यात टाकायला पाणी घालायचं. लांबच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचाच कोळसा वापरावा, असा नियम पर्यावरण मंत्रालयानं केला होता. जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेनं तो टप्प्याटप्प्यानं पाचशे किलोमीटरच्या पलीकडच्या केंद्रांपर्यंत आणला. मे २०२० मध्ये, सगळा देश घरात बसलेला असताना, तो काढून टाकला. कोळसा धुण्यात खर्च आहे, पाणी लागतं, धुतलेल्याच्या नावाखाली भलतंच काही पाठवल्याच्या तक्रारीही आपल्या राज्यात गाजल्या, सगळं मान्य. पण तो नियम गेल्यावर एकलहरे आणि परळीच्या गाड्यांतली राख किती वाढली किंवा घटली, हे आम्हाला गाडीनिहाय कोणी सांगितलेलं नाही.

साठ्याबद्दल थोडं. डिसेंबर २०२१ मध्ये, त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या टंचाईनंतर, नवे निकष आले : खाणीपासून लांबच्या केंद्रात महिन्याप्रमाणे २० ते २६ दिवसांचा कोळसा हवा. एकलहऱ्याचे तीन संच, मिळून ६३० मेगावॉट. ८५ टक्के भारानं चालले तर दिवसाला नऊ हजार टन. २६ दिवसांचे झाले सव्वादोन लाखाच्या वर, म्हणजे ५८ गाड्या. लक्षात घ्या, या ५८ गाड्या रोजच्या जाळण्याच्या वर. मार्चमध्ये जाग आल्यावर त्या कुठून येणार? त्या दिवाळीनंतरच्या महिन्यांत, लाइन मोकळी असताना, रोज एखादी जादा गाडी आणून भराव्या लागतात. अडचण अशी की हीच लांबची केंद्रं महाग पडतात म्हणून मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात, खाली असतात. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून सांगतात, संच बंद ठेवा. बंद संचासाठी कोळसा मागवून पैसे अडकवायला कोण तयार होईल? आणि एप्रिलमध्ये तोच संच सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवा असतो. हा दोष केंद्रातल्या अभियंत्यांचा नाही, रेल्वेचाही नाही. हा आपण आखून दिलेल्या हिशोबाचा आहे, असं मी नम्रपणे म्हणतो.

एप्रिल-मे २०२२ आपल्याला आठवत असेलच. राज्यात भारनियमन झालं. देशभर कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी रेल्वेनं पॅसेंजर गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. रद्द झाल्या त्या राजधानी नव्हत्या, साध्या गाड्या होत्या, ज्यांत पासवाले, भाजीवाल्या, दवाखान्यात निघालेले म्हातारे बसतात. कोळशाला वाट द्यावी लागली हे मला पटतं; मी त्याच गाड्यांवर पोट भरलं आहे, आणि रेल्वेच्या मालवाहतुकीतला निम्मा माल कोळसा आहे हेही जाणतो. मला एवढंच विचारायचं आहे की ज्या दिवशी पॅसेंजर रद्द झाली त्या दिवशी किती भरलेल्या गाड्या केंद्रांच्या दारात आणि लूपमध्ये उभ्या होत्या? याचं उत्तर कोणाकडे तरी आहे. आमच्याकडे नाही.

आणि ते उत्तर काढायला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, यावर माझा सगळा भर आहे. रेल्वेची मालवाहतूक माहिती प्रणाली, जिला आम्ही 'फॉइस' म्हणतो, तिच्यात प्रत्येक रेकचं भरण, सुटणं, पोचणं, प्लेसमेंट, रिलीज, सगळं वेळेसकट नोंदवलं जातं. ज्याची गाडी आहे त्याला ते बघता येतं. केंद्रातल्या काट्याची नोंद केंद्राकडे आहे. नमुन्याचा अहवाल केंद्राकडे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तर देशातल्या केंद्रांचा कोळशाचा साठा रोज इंटरनेटवर टाकतं. म्हणजे अंगणात किती कोळसा आहे हे गुपित नाही. मग तो अंगणात यायला किती तास लागले, हे गुपित कसं? पुण्याला निघालेल्या नातवाची गाडी कुठं पोचली ते मला फोनवर दिसतं. ज्या गाडीचं भाडं आम्ही सगळे मिळून भरतो तिचं काहीच दिसत नाही.

'व्यावसायिक गोपनीयता' हा शब्द आता पुढे येईल याची मला कल्पना आहे. दोन सरकारी कंपन्या आणि एक सरकारी खातं यांच्यात कोळशाची ने-आण होते. दर अधिसूचित आहेत, भाड्याचा तक्ता छापील आहे. यात कोणता स्पर्धक काय चोरणार? सुरक्षेचं कारण असेल तर गाडी पोचून पंधरा दिवसांनी जाहीर करा. आम्हाला घाई नाही.

त्या पानावर काय असावं ते मी सुचवतो. गाडी कुठल्या साइडिंगवर कधी लागली आणि भरून कधी सुटली. वाटेत कुठे किती तास स्टेबल होती आणि कशामुळे : क्रू, इंजिन, लाइन की केंद्रानं घेतली नाही. केंद्राच्या साइडिंगवर कधी लागली, कधी रिकामी झाली. दोन्हीकडचं वजन. दोन्हीकडचा उष्मांक आणि राख. डेमरेज किती लागलं आणि त्यातलं किती माफ झालं. कारणाच्या रकान्यावर रेल्वे आणि केंद्र दोघांच्या सह्या हव्यात, आणि पटलं नाही तर दोघांची कारणं वेगवेगळी छापावीत. तो वाद लोकांना दिसू द्या. आजवर तो फक्त फोनवर, कंट्रोल आणि शिफ्ट इन्चार्ज यांच्यात, रात्री अडीच वाजता झालेला आहे.

नव्या लाइनी येत आहेत, याचा आनंद आहे. जळगाव-मनमाड चौथी लाइन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, वर्धा-भुसावळची ३१४ किलोमीटरची तिसरी-चौथी लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये. भुसावळहून खरगपूरमार्गे दाणकुनीला जाणारा मालवाहू मार्ग २०२१ च्या अर्थसंकल्पापासून ऐकतो आहोत. लाइनी झाल्या की वाटेतले तास कमी होतील, नक्की होतील. खाणीवरचे आणि टिपलरवरचे होणार नाहीत. आणि या लाइनींवर हजारो कोटी लावून नंतर कळलं की गाड्या अडत होत्या त्या लाइनीमुळे कमी आणि टिपलरमुळे जास्त, तर तो खर्च परत काढता येणार नाही. पानं आधी छापली, तर पैसा कुठे लावायचा तेही कळेल. एखाद्या केंद्राला दुसरा टिपलर दिल्यानं एका नव्या लाइनीइतका फायदा होऊ शकतो. कुठल्या केंद्राला, ते मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि आज कागद हातात नसताना आपणही सांगू शकत नाही.

सुरुवात सातही केंद्रांपासून करायला नको. एकलहरे आणि परळी, ही सर्वांत लांबची दोन केंद्रं घ्या, एक पावसाळा आणि त्यापुढचा एक उन्हाळा. इंधन खर्चाच्या पुढच्या पडताळणीत आपण महानिर्मितीला एवढंच सांगा की गाडीनिहाय तक्ता जोडल्याशिवाय या दोन केंद्रांच्या वाहतूक खर्चावर आणि घटीवर विचार होणार नाही. रेल्वेला हुकूम देण्याची गरजच पडणार नाही. पैसे अडतील म्हटल्यावर महानिर्मिती स्वतः रेल्वेकडून वेळा मागून आणेल, आणि मग कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर दोघांचं पहिलं खरं भांडण होईल.

पुढच्या दरनिश्चितीच्या जनसुनावणीत हा मुद्दा मी लेखी मांडणार आहे. तोपर्यंत एक छोटी विनंती. गेल्या आर्थिक वर्षात प्रत्येक केंद्रानं किती डेमरेज भरलं आणि त्यातलं किती माफ झालं, हा तयार आकडा आपल्या संकेतस्थळावर मराठीत टाकायला सांगावं. सुनावणी नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला असेल तर मी स्वतः हजर राहीन. मुंबईला असेल तर वेळ दुपारची ठेवावी. भुसावळहून सकाळी निघालेला माणूस अकरा वाजता कफ परेडला पोचत नाही.

आपला,
एक निवृत्त मालगाडी गार्ड
भुसावळ

प्रत माहितीसाठी : महानिर्मिती, मध्य रेल्वे आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि)